केसांच्या रबराची झालर

आत्याने माझ्या हातात क्रोशाची सुई दिली तेव्हा मला आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे त्याच दुपारी माझ्या मनात पाल चुकचुकली असं लिहावंसं वाटतं, पण तसं काही झालं नाही. ती चुकचुकली नंतर, आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही.

२००१ सालचा जानेवारी. मी रत्नागिरीत आर्ट्सच्या पहिल्या वर्षाला होते आणि बाबांच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे आत्याकडे राहत होते. आमचं गाव लांज्याहून आत. बाबा काजूच्या कारखान्यात बिया भाजायचे, आई तिथेच बिया फोडायची. दोघांचीही बोटं चिकाने काळी पडलेली, साबणानेही न निघणारी. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, आई तेवढंही नाही. बारावी झाल्यावर शाळेतल्या बाईंनी माझा फॉर्म भरून दिला, आत्या म्हणाली माझ्याकडे राहू दे, आणि मी पत्र्याची पेटी घेऊन एसटीत बसले. कॉलेज म्हणजे काय, त्यात किती वर्षं, कुठल्या परीक्षा, हे घरात कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मोठ्या माणसांना ते माहीत असणारच असं मला वाटायचं.

मला त्या वर्षी एकच गोष्ट हवी होती. दुसऱ्या वर्षाला जायचं आणि इतिहास घ्यायचा. इतिहासाच्या सरांनी एकदा फळ्यावर जुन्या बंदरांचा नकाशा काढला होता. ज्या नदीवर माझी आई कपडे धुते ती पुढे कुठल्या बंदराला जाऊन मिळायची आणि तिथून काय काय बाहेर जायचं, ते सरांनी रंगीत खडूने दाखवलं. मी वहीत तो नकाशा तीन वेळा काढला. एवढंच. याहून मोठं कारण माझ्यापाशी नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणाला सांगायला संकोच वाटायचा.

आत्याकडे राहायचं म्हणजे पहाटे पाणी भरायचं, मग कॉलेज, दुपारी आल्यावर भांडी, संध्याकाळी निवडणं-टिपणं. ती वाईट नव्हती. ताटात माशाचा तुकडा वाढताना माझ्यात आणि स्वतःच्या माणसांत तिने कधी फरक केला नाही. पण रिकामं बसलेलं तिला चालायचं नाही, आणि पुस्तक घेऊन बसणं हे तिच्या हिशेबी रिकामं बसणंच. म्हणून त्या दुपारी मी भांड्यांकडे वळले आणि ती "राहू देत ती, हात धू नि इकडे ये" म्हणाली, तेव्हा मला नवल वाटलं.

आत्याचं विणकाम आळीत नावाजलेलं होतं. दाराला तोरण, टीव्हीला झाकण, फोनलासुद्धा पांढऱ्या दोऱ्याचा रुमाल. तिने समोर साधं काळं रबर ठेवलं, केसांना लावतो ते, आणि गुलाबी दोऱ्याचा गुंडा. म्हणाली, शिकायला हे सगळ्यात सोपं. रबराला दोऱ्याची गाठ मारायची. सुई रबराच्या आतून घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन फासे होतात, दोन्हींतून पुन्हा दोरा काढायचा. हा झाला एक मुका खांब, म्हणजे आखूड टाका. असे टाके रबराभोवती दाटीने घालत जायचं, काळं दिसेनासं होईपर्यंत. मग वरून तीन-चार साखळ्यांची कमान, पुन्हा एक टाका, पुन्हा कमान. ती झाली झालर.

तिच्या हातात ते दहा मिनिटांत झालं. मला पहिली फेरी पुरी करायला दोन दुपारी लागल्या. मी दोरा इतका आवळून धरायचे की पुढच्या टाक्यात सुईच शिरायची नाही. कधी टाके रबराभोवती जिन्यासारखे गोल फिरत जायचे. आत्या न बोलता सगळं उसवायची आणि दोरा परत माझ्या मांडीवर टाकायची. एकदाच म्हणाली, "काय गो, परीक्षेचा पेपर आहे काय हा? जरा सैल सोड."

शेवटी एक रबर पुरं झालं. टाके कमी पडले होते, त्यामुळे केसांना लावून ताणलं की मधूनमधून काळं दिसायचं, आणि झालर एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ. पण मी ते दुसऱ्या दिवशी वेणीला लावून कॉलेजात गेले. वर्गातल्या एकीने विचारलं, कुठून घेतलंस. मी केलं म्हणाले. ती हसली नाही. मला दिवसभर बरं वाटत होतं.

त्यानंतरच्या गोष्टी मी एकापुढे एक ठेवते, कारण तेव्हा त्या तशा दिसल्या नाहीत.

आत्याने मला उन्हातून चालत यायला मनाई केली. कॉलेज सुटलं की रिक्षाने ये म्हणाली, जिने आजवर मला टपाल टाकायलाही पायी पाठवलं होतं. मग एका शनिवारी आईचा निरोप गावाहून आला, त्याबरोबर माझी जन्मवेळ आली. आईला घड्याळाची वेळ माहीत नव्हती. पहिला कोंबडा आरवल्यावर आणि कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी, असं तिने कळवलं होतं. आत्याने ते एका कागदावर लिहून आतोबांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, खिशात घातलं. मी पाहिलं. विचारलं नाही.

फेब्रुवारीत ती मला फोटो काढायला घेऊन गेली. एसटीच्या पासाला लागतो म्हणाली. मी कॉलेजला जाते तोच पंजाबी ड्रेस घालून निघाले तर तिने परत फिरवलं आणि तिची मोरपंखी साडी नेसवली. फोटोवाल्याने मला एका कुंडीशेजारी उभं केलं आणि पायापासून डोक्यापर्यंत फोटो काढला. पासावर एवढासा चेहरा असतो, हे मला माहीत होतं. फोटोवाल्यालाही माहीत असणार. आम्ही तिघांनीही ते बोलून दाखवलं नाही. घरी येताना आत्या रस्त्यात फार मोकळेपणाने बोलत होती, वाटेतल्या प्रत्येक घरातली गोष्ट सांगत होती, आणि मी हो-हो म्हणत तिच्या मागून चालत होते.

त्याच आठवड्यात कपाट आवरताना मला आत्याची सुटकेस उघडी दिसली. आत रुमाल, तोरण, आणि वर झालरीची पाच रबरं. गुलाबी, पिवळं, दोन पांढरी, एक अबोली. पाचही आत्याच्या हातची. तिचे टाके मी आता ओळखू शकत होते. आमच्याकडे मुलगी दाखवताना तिच्या हातचं काहीतरी ताटात मांडून ठेवायची पद्धत आहे. लग्नात ते सगळं रुखवतावर जातं. मी सुटकेस बंद केली. नीट लागली की नाही ते दोनदा पाहिलं, जणू चोरी मीच केली होती.

आता कळलं होतं. तरी मी विचारलं नाही. पुष्कळदा स्वतःला विचारलंय की का नाही. भीती होती, हे खरं. पण एक विचित्र आशाही होती. मी बोलले नाही तर ते अजून झालेलं नाही, असं काहीतरी.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी बाबा आले. न कळवता. इस्त्रीचा निळा शर्ट घातलेला, जो त्यांनी फक्त चुलतभावाच्या लग्नात घातला होता. हातात ओल्या काजूगरांची पिशवी. माझ्याकडे बघून हसले आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले. आत्याने मला आत नेऊन साडी नेसवली, तेव्हा कुठे सांगितलं. तिची मोठी नणंद येणार होती, तिच्या मुलासाठी. मुलगा पोफळीला वीजकेंद्रात कामाला, कॉलनीत क्वार्टर. नणंदेला आत्या वन्सं म्हणायची आणि तिच्यासमोर डोक्यावरचा पदर सोडत नसे.

"आपल्यातलेच आहेत," आत्या पिना लावताना म्हणाली. "मी शब्द टाकलाय. माझी मान आता तुझ्या हातात."

आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. तीही घाबरली होती. ते बघून मला जास्त भीती वाटली.

चार माणसं आली. मुलगा खाली बघून पोहे खात होता. त्याच्याबद्दल मला आजही वाईट काही सांगता येत नाही, चांगलंही नाही. बोलत होत्या त्या वन्सं. उंच, बारीक, आवाज हळू. कुठल्याही वाक्याला घाई नाही. ताट पुढे सरकवलं तेव्हा त्यांनी तोरणाकडे पाहिलंही नाही. पिवळं रबर उचललं, दोन बोटांत ताणलं, मग उलटं करून मागची बाजू पाहिली. विणणारं माणूस मागची बाजूच बघतं.

"हे तू केलंस?" त्यांनी विचारलं.

"तिनेच," आत्या म्हणाली. "महिनाभर बसली होती वन्सं, मान वर केली नाही."

"मी तिला विचारतेय."

आता एक कबूल करते. पुढे जे मी बोलले त्याला लोक खरेपणा म्हणाले, बाबासुद्धा म्हणाले. पण मी खरेपणासाठी बोलले नाही. माझ्या मनात आलं, आत्याचं खोटं उघडं पडलं तर ही माणसं उठून जातील. फसवणूक झाली म्हणतील आणि सगळं इथेच मोडेल. मला दुसऱ्या वर्षाला जाता येईल. आत्याची मान माझ्या हातात होती आणि मी ती वापरली.

म्हणाले, "नाही. हे आत्याने केलंय. माझं हे." आणि वेणीचं रबर सोडून पुढे केलं.

आत्या भिंतीला टेकली. वन्संनी माझं रबर हातात घेतलं, ताणलं. काळं दिसलं. उलटं केलं, मागच्या सगळ्या गाठी दिसल्या. मी वाट बघत होते. त्यांनी मान वर केली तर त्या हसत होत्या.

"रबर दिसतंय की गो मधून," त्या म्हणाल्या. मग बाबांकडे वळल्या. "हाताचं काय, हात शिकवता येतो. खोटं न बोलणारी सून शिकवून मिळत नाही."

आणि माझं ते रबर त्यांनी पर्समध्ये टाकलं. "हे मी नेते," म्हणाल्या. पर्सचा खटका बंद झाला.

दोन दिवसांनी फोन आला. मुलगी पसंत. वैशाखात मुहूर्त, माझी परीक्षा संपली की दहा दिवसांत. आत्याने मला आधी जवळ घेतलं आणि मग खांद्यावर एक चापट मारली. त्या दोन्हींत माया होती. म्हणाली, माझा जीव घेतलास मेले, पण नशीब काढलंस. मी हसले. खरंच हसले, कारण चेहऱ्याचं दुसरं काय करायचं ते कळेना.

मग वन्संनी रत्नागिरीला येणाऱ्या कुणाच्या तरी हातून दोऱ्याची पिशवी पाठवली. हिरवा आणि लाल. त्यांच्या घरात पुतण्या-भाच्या मिळून अकरा मुली. लग्नात सगळ्यांच्या केसांना नव्या वहिनीच्या हातचं रबर असावं, असा त्यांचा निरोप होता. आणि आत्याने हात लावायचा नाही. दर रविवारी दुपारी फोन यायचा. किती झाली, विचारायच्या. रबर आधी नीट ताणून घे म्हणायच्या, म्हणजे किती टाके बसतात ते कळतं. एकदा म्हणाल्या, "दोऱ्याला धाक दाखवू नकोस. तो आपणहून येतो." सांगायच्या ते सगळं बरोबर असायचं.

मी कॉलेजातून यायचे, जेवायचे आणि विणायला बसायचे. एप्रिलच्या परीक्षेसाठी नोट्स मांडीवर आणि त्यांवर दोऱ्याचा गुंडा. एक रबर झालं की आत्या ते डब्यात टाकायची. चार झाली. पाच झाली. आणि सगळ्यात वाईट काय सांगू, ती चांगली व्हायला लागली. टाके सारखे पडायला लागले. काळं दिसेना. सहावं रबर संपवल्यावर ते मी उन्हात धरून किती वेळ बघत बसले होते. मला ते आवडत होतं. जे मला नको होतं तिकडे माझे स्वतःचे हात मला रोज एक एक फेरी पुढे नेत होते, आणि हातांना त्यात मजा वाटत होती.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या विषयांची चिठ्ठी भरून मागितली. मी इतिहास लिहिलं, आणि चिठ्ठी दिली नाही. दप्तरात ठेवली. सरांनी दोनदा विचारलं. विसरले म्हणाले.

मार्चच्या शेवटी बाबा बोलणी पक्की करायला आले. वन्सं आणि त्यांचे यजमान आत्याकडेच आले होते. चहा झाला, याद्या झाल्या, मी आतल्या खोलीत बसून आठव्या रबराची झालर घालत होते आणि बाहेरचं ऐकत होते. बाबा कमी बोलत होते. मध्येच वन्संनी विचारलं, शिक्षणाचं कसं, आणि बाबा मोठ्या अभिमानाने म्हणाले, मुलीचं कॉलेज पूर्ण झालं असेल तोवर, परीक्षा एप्रिलात. आमच्या घरातली पहिली.

माझा हात थांबला.

मला वाटलं, बाबा खोटं बोलत आहेत. माझे बाबा, ज्यांनी कारखान्यात कधी मूठभर गर खिशात घातला नाही. मला इतका राग आला, आणि त्याहून जास्त लाज. आत्या तिथेच बसली होती. आतोबा ऑफिसात कारकून, त्यांना सगळं माहीत. कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळच्या गाडीला मी बाबांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. बाबांनी मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली. मी लहान असताना द्यायचे तशी. मी ती न उघडता धरून बसले आणि म्हणाले, तुम्ही असं का सांगितलंत.

"कसं?"

"कॉलेज पूर्ण होतं म्हणून."

"होतंय ना?" बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, नुसता प्रश्न. "दहावी झाली. बारावी झाली. आता कॉलेजची देशील. मग झालं की."

तेव्हा मला कळलं. बाबांना खरंच वाटत होतं, की कॉलेज म्हणजे एक परीक्षा. दहावी, बारावी, तशीच तिसरी. तीही आपल्या मुलीने पुरी केली, आता तिचं लग्न करायचं. माझं शिक्षण तोडतोय असं त्यांच्या मनातही नव्हतं. ते पूर्ण करून देतोय, असं त्यांना वाटत होतं. आणि मी वर्षभरात एकदाही बसून त्यांना सांगितलं नव्हतं.

"बाबा, कॉलेज तीन वर्षांचं असतं. हे पहिलं."

एक गाडी येऊन गेली, आमची नव्हती. मी सांगत गेले, थांबत, चाचरत. दुसरं वर्ष, तिसरं वर्ष, मग पदवी. आत्ता सोडलं तर काही नाही, बारावीच. मला दुसऱ्याला जायचंय. मला इतिहास घ्यायचाय. चिठ्ठी काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ बघितली. माझं अक्षर लागत नव्हतं की काय ते माहीत नाही.

शेवटी म्हणाले, "हिला ठाऊक होतं?" म्हणजे आत्याला.

मी पुडी उघडायला लागले.

"म्हणजे मी त्या माणसांना खोटं सांगितलं," बाबा म्हणाले. "तोंडावर. चहा पिऊन."

मला वाटलं होतं ते माझ्याबद्दल बोलतील. ते स्वतःच्या शब्दाबद्दल बोलत होते. त्यांना बाकी काही दिसतच नव्हतं. गाडी लागली. चढताना मागे वळून म्हणाले, "बाये, आधी सांगायचंस गो." आवाज चढलेला नव्हता. गाडी गेल्यावर मी त्याच बाकावर बसून राहिले, कारण आत्याच्या घरी परत जायचं होतं आणि तिथे अजून कुणाला काही माहीत नव्हतं.

तो आठवडा कसा गेला ते सांगता येत नाही. आत्या लग्नातल्या जेवणाचं बोलत होती. मी नववं रबर सुरू केलं होतं, कारण थांबले असते तर तिने का म्हणून विचारलं असतं. बाबा काय करतील याचा मला काही अंदाज नव्हता. खोटं राहू नये म्हणून त्या माणसांना नुसतं खरं सांगतील, आणि ती म्हणतील काही हरकत नाही, बारावी चालेल. मग सगळेच खरे ठरतील आणि लग्न होईल. रात्रंदिवस हेच डोक्यात.

बाबा पोफळीला वन्संकडे गेले. एका कामाच्या दिवशी, खाडा करून, एकटे. तिथे काय झालं ते त्यांनी मला फार थोडं सांगितलं, तेही खूप नंतर. मला जे वाटलं होतं अगदी तेच झालं होतं. त्यांनी चूक कबूल केली तेव्हा वन्सं म्हणाल्या, बाप-लेक दोघंही खरी, आम्हाला काय, बारावी पुष्कळ झाली. मुलगी आमच्याकडे राहून शिकेल हवं तर बाहेरून. बाबांनी चहा घेतला नाही. म्हणाले, मी पूर्ण झालं म्हणून सांगितलंय, तर ते पूर्ण करायला हवं. आधी ते होऊ दे. तीन वर्षं थांबायचं तर थांबा.

त्या थांबणार नव्हत्या.

आत्याला फोन त्याच संध्याकाळी आला. मी समोर होते. ती फक्त हो वन्सं, नाही वन्सं, एवढंच म्हणत होती, आणि फोनवरचा विणलेला रुमाल एका हाताने सरळ करत होती, पुन्हापुन्हा. फोन ठेवल्यावर ती माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही.

"तुला ठाऊक आहे, माझं लग्न झालं तेव्हा मी सोळाची होते," ती म्हणाली. "ह्या घरात मला पंचवीस वर्षांत कुणी विचारून काही केलं नाही. पहिल्यांदा मी पुढे होऊन काहीतरी सुचवलं, आणि ते वन्संनी ऐकलं."

मग म्हणाली, "परीक्षा होईपर्यंत राहा. मग नको."

त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. ताट वाढायची, तुकडा तसाच वाढायची. विणकामाचा डबा कुठे गेला मला माहीत नाही. शेवटचा पेपर देऊन आले तेव्हा माझी पत्र्याची पेटी व्हरांड्यात ठेवलेली होती, कपडे घडी करून भरलेले, माझ्यापेक्षा नीट. दार लोटलेलं होतं. मी दोनदा हाक मारली. आतून पंख्याचा आवाज येत होता.

मी पास झाले. जूनपासून गावाहून ये-जा करायला लागले. सकाळी सहाची गाडी, दीड तास, परत तेवढाच. उभं राहून वाचायची सवय झाली. इतिहास घेतला. सरांनी उशिरा का होईना चिठ्ठी घेतली. लोकांनी गावात काय काय म्हटलं ते बाबांच्या कानावर आलं असेल, घरात ते कधी आलं नाही. आई एकदाच म्हणाली, तुझ्या पायी घरातलं एक दार बंद झालं, आता निदान शीक.

त्या वर्षी दिवाळीत बाबांनी भाऊबीजेला सकाळीच अभ्यंगस्नान केलं, धोतर नेसले आणि ओटीवर पाट मांडून बसले. आत्याने लग्न झाल्यापासून एकही भाऊबीज चुकवली नव्हती. रत्नागिरीहून पहिल्या गाडीने यायची, ओवाळून, जेवून, संध्याकाळच्या गाडीने परत. आईने आरतीचं तबक तयार ठेवलं होतं. पहिली गाडी फाट्यावर येऊन गेली, आवाज ऐकू आला. मग दहाची. मी माजघरात दुसऱ्या सत्राचं पुस्तक घेऊन बसले होते. त्यातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरत नव्हतं, पण उठून बाहेर जायचा धीर होत नव्हता. साडेबाराची गाडी गेली. आई म्हणाली, जेवून घ्या. बाबा म्हणाले, थांब, अजून दोनची आहे.

दोनची गाडी गेल्यावर ते उठले. पाट भिंतीला उभा करून ठेवला. मला वाटलं ते माझ्याकडे येऊन काही बोलतील. माजघराच्या दारात येऊन उभे राहिले खरे. पुस्तकाकडे बघितलं.

"कितवं पान?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, एकोणिसावं.

"पुढे वाच," म्हणाले, आणि न जेवता काजूच्या झाडांकडे निघून गेले.